माझ्या डोक्यावरचे ओले मोजे

मित्रांनो, या पृथ्वीच्या पाठीवर आजवर जेवढ्या माता होऊन गेल्या, त्या सगळ्यांच्या लेकरांची बेरीज केली तरी ती माझ्या लेकरांच्या पासंगाला पुरणार नाही. मी कोट्यवधींची जननी आहे. माझ्या उबेत एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि सूर्य उगवेपर्यंत माझ्या पोटात एक अख्खी प्रजा नांदू लागते. सृष्टी कशी निर्माण झाली याची थोर थोर माणसं अजून चर्चा करताहेत. मी ती रोज निर्माण करते.

ती सगळी प्रजा जंतूंची असते आणि दुसऱ्या दिवशी जंतुनाशकात बुडवून केरात टाकली जाते, ही गोष्ट वेगळी.

मी एक जुनी ऊबपेटी आहे. शिकलेली माणसं मला इन्क्युबेटर म्हणतात, वीजवाला ‘हा खोका’ म्हणतो, आणि मी दोन्ही नावांना ओ देत नाही, कारण मला तोंड नाही. आहे ते एक दार, त्याला काचेची खिडकी, पोटात जाळीचे तीन कप्पे आणि कपाळावर एक लाल दिवा. माणसाच्या अंगात असते त्याहून किंचित कमी ऊब माझ्या पोटात असते. ती वाढू द्यायची नाही आणि घटूही द्यायची नाही, एवढंच काम मला नेमून दिलेलं आहे. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही एक दिवस न तापता आणि न थंडावता बसून बघा, म्हणजे कळेल.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे ऊब देणाऱ्या नाना प्रकारच्या पेट्या बनत. माझ्या शेजारी उभी असलेली मोठी बहीण इस्पितळात गेली. तिच्या पोटात अपुऱ्या दिवसांची बाळं वाढतात आणि तिच्यासमोर उभं राहून लोक डोळे पुसतात. मधली कुक्कुटपालनात गेली. तिच्या पोटातून पिवळी पिल्लं बाहेर पडतात आणि लोक हसतात. मी धाकटी. माझ्याजवळ येताना लोक हातमोजे घालतात.

मला आणलं ते एका तळ्याच्या काठावरच्या खोलीत. पूर्वी तिथे होड्यांची वल्ही ठेवत असत. एक टेबल, एक मोरी, पाठ मोडकी असलेली एक खुर्ची, बाटल्यांची फळी आणि कोपऱ्यात मी. खिडकी तळ्याच्या बाजूला होती, पण मला ठेवलं असं तिरपं की खिडकीतून फक्त आभाळाची एक पट्टी आणि झेंड्याची काठी दिसे. काठीवर हिरवा झेंडा असला की लोकांनी खुशाल पोहावं, लाल असला की काठावर बसून पाय हलवावेत. तळं मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण ते रोज सकाळी, बाटलीत बसून, माझ्याकडे येतं. एवढा मान फार थोड्यांना मिळतो.

ते घेऊन येणाऱ्या माणसाला सगळे बगळेकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जात असावं, इतर दिवशी कुणाला त्याची गरज पडली नाही. लांब बारीक पाय, पुढे आलेली मान, आणि रोज सकाळी विजार मांड्यांपर्यंत दुमडून हा माणूस गुडघाभर पाण्यात निश्चल उभा राही. पाणी असंच घ्यायचं असतं. चालताना तळचा गाळ उठतो. तो खाली बसेपर्यंत थांबायचं, मग बाटली वीतभर खोल बुडवायची, तोंड आपल्या अंगापासून लांब, आणि भरली की लगेच झाकण. गुडघाभर पाण्यातच का? तर मुलं तिथेच खेळतात म्हणून. तळाशी खडे टोचतात म्हणून काका पाण्यात मोजे घालून उतरे. गमबूट त्याला चालत नसत. एकदा गमबुटांत पाणी भरून तो आडवा झाला होता आणि त्याला उचलायला ज्या शिट्टीवाल्या जीवरक्षकाला यावं लागलं, तो अजून भेटेल त्याला ती हकिगत सांगतो.

पाण्यातून आला की काका बाटल्या टेबलावर ठेवी आणि ओले मोजे पिळून माझ्या डोक्यावर वाळत घाली.

मित्रांनो, मी एक शास्त्रीय उपकरण आहे. माझ्या अंगावर तसा बिल्ला आहे. त्या बिल्ल्यावर रोज सकाळी पाणी ठिबकत असे.

त्यावरून बाई आणि काका यांचं रोज वाजे. बाई म्हणजे आमच्या खोलीची मालकीण. मुलं तिला जंतूबाई म्हणत आणि ती त्या नावाला हसून ओ देई. गोल चष्मा, पांढरा अंगरखा, आणि हाताला स्पिरिटचा इतका वास की डास तिच्यापासून चार हात लांब राहत. ती यायची, माझ्या डोक्याकडे बघायची आणि चिमटा उचलायची. नमुन्याला हात न लावण्यासाठी असतो ना लांब चिमटा, त्याने एकेक मोजा धरून ती मोडक्या खुर्चीच्या पाठीवर टाकी. काका म्हणे, खुर्चीवर वाळायला संध्याकाळ होते, पेटीवर तासाभरात वाळतात. बाई म्हणे, मग शेगडी म्हणून नेमणूक करून घ्या तिची. बाईची पाठ फिरली की मोजे पुन्हा माझ्या डोक्यावर. असा हा खेळ वर्षानुवर्षं चालला होता आणि त्यात कुणीही हरत नव्हतं, मी सोडून.

पण मोज्यांचं राहू द्या. मला तुम्हाला दुसरंच काही सांगायचं आहे.

बाटलीतलं पाणी तुम्ही बघा. काही दिसणार नाही. उजेडात धरा, फिरवा, चष्मा लावा. काच आणि काचेत काच. बाई त्यात चिमूटभर पावडर टाकी. ती जंतूंची खाऊची पुडी. मग ते पाणी एका ताटलीत ओती. औषधी गोळ्यांच्या पाकिटाला जशी घरं असतात, तशी त्या ताटलीला असतात, काही मोठी, काही छोटी, सगळी मिळून शंभराच्या आसपास. वरून झाकण डकवलं की प्रत्येक घर वेगळं. मग ती ताटली माझ्या पोटात. दार बंद.

आणि आत सुरू होतं ते.

एखाद्या घरात एकच जंतू असतो. इतका लहान, की त्याला लहान म्हणणंही त्याला मोठं करणं आहे. तो थंड तळ्यातून आलेला, गारठलेला. माझी ऊब त्याला लागते. त्याला वाटतं, आपण पुन्हा घरी आलो. कारण हा जंतू मुळात तळ्याचा नव्हेच. तो आतड्यातला. माणसाच्या, गाईच्या, बदकाच्या पोटातल्या अंधारात तो सुखाने राहतो आणि सहसा कुणाचं काही बिघडवत नाही. पण तो पाण्यात सापडला की समजायचं, पोटातली घाण पाण्यात आली आहे, आणि तिच्या मागोमाग आजारपणं आणणारी बाकीची मंडळीही आली असतील. तो गुन्हेगार नाही, चहाडखोर आहे. तर तो एकटा जीव माझ्या उबेत अंग सैल सोडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत त्याचे दोन होतात. कुणी लग्न लावत नाही, कुणी बारसं करत नाही. दोनाचे चार. चाराचे आठ. सकाळपर्यंत त्या नखाएवढ्या घरात एखाद्या देशात माणसं नसतील इतके होतात. इतकी वर्षं झाली, इतक्या ताटल्या झाल्या, पण एकाचे दोन होतात तो क्षण आला की माझ्या पोटात अजून धस्स होतं. वीजवाला त्याला तारेचा दोष म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बाई खिडकीचा पडदा ओढी, दिवा मालवी आणि जांभळा दिवा लावी. त्या दिव्याखाली ज्या घरात चहाडखोर वाढला असेल, ते घर निळं चमकू लागतं. आधी काहीच नसतं आणि मग काळोखात एक निळी ठिणगी. मग दुसरी. चांगल्या दिवशी दोन-चार, तुरळक, उन्हाळ्यातल्या पहिल्या चांदण्यांसारख्या. बाई बोटाने घरं मोजी, आकडा काढी आणि झेंड्याचा रंग ठरे. मोजून झालं तरी ती क्षणभर दिवा लावत नसे. तशीच बघत राही. ही बाई रोज जंतू मारते, पण त्यांच्याकडे बघताना तिचा श्वास अडकतो, हे फक्त मला ठाऊक आहे.

आता यात एक गंमत आहे, ती साहेबांना कधी कळली नाही. पाणी आज घ्यायचं, आकडा उद्या यायचा. म्हणजे आज जो झेंडा फडकतो, तो कालच्या पाण्याचा. जंतूला वाढायला जो वेळ लागतो तो लागतो. त्याला वरून फोन करून उपयोग नसतो. साहेबांनी करून पाहिला होता.

साहेब म्हणजे किनाऱ्याचे साहेब. माणूस वाईट नव्हे, फक्त पाट्यांवर त्यांची फार श्रद्धा होती. मध्यंतरी आकडा जरा चढला तेव्हा त्यांनी बदकांवर संशय घेतला आणि काठावर पाटी लावली, ‘बदकांना मनाई आहे.’ बदकं निरक्षर असल्यामुळे त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आकडे असे उतरले की विचारू नका. एक चांदणी, कधी तीही नाही. पंधरवडाभर काळोख काळोखच राहिला. साहेबांना वाटलं, पाटी लागू पडली. त्यांनी सर्वांत स्वच्छ किनाऱ्याच्या मानपत्रासाठी अर्ज केला आणि ते लावायला आमच्या खोलीच्या भिंतीत एक खिळाही ठोकून घेतला. मानपत्र आलं की माझ्या जागी नवी कोरी पेटी आणायची, असंही ठरलं. माझ्या दाराचं रबर झिजलं होतं, दार नीट बसत नसे, त्यामुळे मी मनातून तयारी केली. रविवारी लहान मुलांची पोहण्याची शर्यत ठेवली होती. बाहेरगावचे पाहुणे बोलावले होते.

त्या शर्यतीत बाईची नातही होती. तिला सगळे मासोळी म्हणत. ती गुडघाभर पाण्यातच पोहायला शिकली होती आणि पोहण्यापेक्षा तिचं नाव झालं होतं ते कारंज्यासाठी. तोंडात मावेल तेवढं पाणी घ्यायचं, आभाळाकडे बघायचं आणि सोडायचं. काठावरचे लोक टाळ्या वाजवत. कुणीतरी बाईला विचारलं, पोरगी तळ्याचं पाणी तोंडात घेते, चालतं का? बाईने ताटलीकडे बोट दाखवून सांगितलं, खुशाल घेऊ दे, एवढं स्वच्छ पाणी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. मधे दोन दिवस मासोळीचं पोट दुखलं, तर आजीने जास्त खाल्ल्याचा ठपका ठेवला आणि रात्रीचं जेवण बंद केलं.

आणि मला त्या पंधरवड्यात फार बरं वाटत होतं. कपाळावर पाणी ठिबकत नव्हतं. डोकं कोरडं असलं की कुणालाही बरंच वाटतं. का कोरडं आहे, असं कोण विचारतं?

शनिवारी बाई आली. बाहेर ढग होते, काठावर उद्यासाठी खुर्च्या मांडत होते, पाण्यात कुणी नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे चिमटा उचलला आणि माझ्या डोक्यावरचा मोजा धरून वर केला. ठिबकला नाही. तिने चिमटा हलवला. तरी नाही. मग मित्रांनो, जे इतक्या वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. बाईने चिमटा खाली ठेवला आणि मोजा उघड्या हातात घेतला. दाबून बघितला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून विज्ञानासाठी तिने तो हुंगला.

त्याला तळ्याचा वास नव्हता. ज्याचा असायला हवा त्याचा मात्र भरपूर होता.

काका मोरीपाशी हात धूत होता. “अहो बगळे,” बाई म्हणाली, “मोजे कोरडे आहेत.”

“ऊन लागलं असेल.”

“सकाळपासून ढग आहेत.”

“मग वारा असेल.”

“पंधरवडाभर वाराच आहे का?”

काकाने नळ बंद केला. पण वळला नाही. पाठमोराच बोलला. गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी थंड पाण्यात उभं राहायचं नाही म्हणून बजावलं होतं. म्हणून तो लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाई आणि तिथून बाटली दोरीने खाली सोडी. तिथे पाणी तीन पुरुष खोल आणि नितळ. मोजे मात्र रोज काढून माझ्या डोक्यावर ठेवी, म्हणजे बाईला काही वेगळं वाटू नये. खोटं वागायचं एवढा बेत केला, पण मोजे नळाखाली धरायचं काही त्याला सुचलं नाही. ज्याला लबाडीची सवय नसते त्याची लबाडी अशीच अर्धी राहते.

“तळं तेच आहे ना, बाई,” तो म्हणाला. “टोकाला काय आणि काठाला काय.”

“पोरं टोकाला खेळतात?”

काकाने बंद नळ पुन्हा एकदा पिळला.

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर खुर्चीत बसवलं असतं मला. खुर्चीतून तळं दिसत नाही.”

बाई त्याच मोडक्या खुर्चीवर बसली. बराच वेळ हातातल्या मोज्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “माझी नात रोज त्या पाण्याची कारंजी उडवते आहे, बगळे. मीच सांगितलं तिला, खुशाल उडव.”

खोलीत फक्त माझी घरघर ऐकू येत होती. मी तीही आवरली असती, पण ते माझ्या हातात नाही.

साहेबांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोजाही लांबून पाहिला. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. “उद्या पाहुणे येणार, बाई. मोज्यावरून झेंडा बदलू का मी? आकडा द्या. आकडा वाईट असेल तर माझ्या हाताने लाल लावतो.” आणि आकडा तर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, शर्यतीच्या तोंडावर. बाई म्हणाली, शर्यत सुरू व्हायच्या आत देते. माझ्याकडे न बघताच म्हणाली. मला ते फार लागलं आणि फार आवडलंही.

मग नमुना घ्यायला बाई स्वतः निघाली. काकाचा गुडघा बघून तिने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. इतकी वर्षं या बाईने तळ्याचा थेंब न् थेंब मोजला होता, पण तळ्यात पाय घातला नव्हता. तळं तिच्यासाठी नेहमी बाटलीभर होतं, माझ्यासाठी आहे तसंच. पुढचं मला काकाने सांगितलं. म्हणजे तो भिंतीला सांगत होता, मी ऐकलं. बाईने कपडे गुडघ्यांपर्यंत दुमडले, पायातले मोजे तसेच ठेवले आणि पाण्यात शिरली. काका काठावरून ओरडून सांगत होता, हलू नका, गाळ बसू द्या, अजून थोडं आत, मान पुढे काढू नका, बगळ्यासारख्या दिसता. ती आपली उभी. आभाळ ढगाळ, पाणी आभाळाच्या रंगाचं, आणि मधे ती, कुठे काय संपतं ते कळेना. बाटली भरली, झाकण लावलं, तरी बाई बाहेर येईना.

परत आली तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. “पायाला मासे लागतात हो,” ती म्हणाली. “लहान लहान. मोज्यांतूनसुद्धा कळतात.”

“रोज लागतात,” काका म्हणाला.

तिने आपले मोजे काढले, इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर ठेवले.

ताटली माझ्या पोटात गेली आणि दार लागेना. ज्या दिवशी लागायला हवं त्याच दिवशी लागेना. रबराने अगदीच हाय खाल्ली होती. फट राहिली की ऊब जाते, ऊब गेली की जंतू वाढत नाही, वाढला नाही की चमकत नाही, आणि न चमकलेला जंतू साहेबांच्या हिशेबी जन्मालाच आलेला नसतो. बाईने चिकटपट्टी लावून पाहिली, दोरी बांधून पाहिली. शेवटी काकाने मोडकी खुर्ची ओढली, माझ्याकडे पाठ करून बसला आणि पाठीने दार रेटून धरलं. “आता खुर्चीत बसतो,” तो म्हणाला, “मुकाट्याने.”

सकाळपर्यंत तो हलला नाही. त्याची पाठ माझ्या काचेला टेकलेली होती. आजवर मी सगळ्यांना ऊब देत आले, मला कुणी ऊब दिल्याचं आठवत नाही. त्या रात्री थोडी बाहेरून आत येत होती. आत एकाचे दोन होत होते, दोनाचे चार. माझ्या आयुष्यात मी एवढा कल्लोळ अनुभवलेला नाही. प्रत्येक घरात वस्ती. एकही घर रिकामं नाही. आत कोट्यवधी जागे आणि बाहेर एक जण घोरत होता.

सकाळी साहेब आले, नवे कपडे घालून. बाईने पडदा ओढला, दिवा मालवला, ताटली बाहेर काढली आणि जांभळा दिवा लावला.

मित्रांनो, मी पुष्कळ चांदण्या पाहिल्या होत्या. आकाश त्या दिवशी पाहिलं. कडेपासून कडेपर्यंत, एकूण एक घर निळं पेटलं होतं. मोजायला मधे काळोखच उरला नव्हता. टेबल निळं, फळीवरच्या बाटल्या निळ्या, बाईचा चष्मा, काकाचे पाय, साहेबांचे नवे कपडे, सगळं त्या उजेडात बुडालं. आणि हा सगळा उजेड बाटलीभर पाण्यातून आलेला, जे पाणी काल काचेसारखं दिसत होतं. साहेब पुढे वाकून, तोंड उघडं टाकून बघत राहिले.

“किती सुंदर,” ते शेवटी म्हणाले.

“साहेब,” बाई म्हणाली, “ही शी आहे.”

साहेब सरळ झाले. मग त्यांनी कोपऱ्यातला लाल झेंडा उचलला आणि बाहेर गेले. बाईने पडदा सारला आणि माझ्या पट्टीतून मला दिसलं. हिरवा उतरला, लाल चढला, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने चढवला. बोलल्याप्रमाणे वागले. म्हणून म्हटलं, माणूस वाईट नव्हे.

पण काठावर मुलं होती. पोहण्याचे कपडे घालून, डोळ्यांना पाण्यातले चष्मे लावून, सकाळपासून तयार. त्यांना लाल झेंडा कोण समजावणार? ती थेट खोलीतच घुसली, सगळ्यांत पुढे मासोळी, रागाने लाल. आजीने शर्यत बंद पाडली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. आजीने समजावलं नाही, रागावलीही नाही. तिने दार लोटलं, पडदा ओढला आणि पुन्हा दिवा मालवला.

मुलांचा गलका कापल्यासारखा थांबला. काळोखात त्यांचे ते गोल चष्मे निळे चमकत होते. एका मुलाने घरं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

“हे सगळे एका रात्रीत?” मासोळीने विचारलं.

“एकेका घरात एकापासून.”

“आणि माझ्या तोंडात?”

“तुझ्या तोंडात,” आजी म्हणाली. आणि तिने नातीच्या पोटावर हात ठेवला. त्या पोटदुखीची तिला आठवण झाली असणार.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला काका म्हणाला, “माझ्यामुळे.” सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. त्याने मुलांना सगळं सांगितलं. धक्का, दोरी, बाटली, कोरडे मोजे. मोठ्यांनी मुलांना अशी गोष्ट सांगितलेली मी कधी ऐकली नव्हती; त्यात ‘पण’ एकदाही आला नाही. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला. लांब मान असली की ती खाली घातलेली फार दिसते.

मासोळीने त्याच्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

“दुखतो का अजून गुडघा?” तिने विचारलं.

काकाने नाकावरून हात फिरवला आणि वळून फळीवरच्या बाटल्या नीट लावायला लागला. त्या नीटच होत्या.

पुढचं थोडक्यात सांगते. कपडे बदलायच्या खोल्यांमागे संडासाचा नळ जमिनीखाली फुटला होता आणि त्यातलं पाणी बरोबर उथळ भागात झिरपत होतं. तो दुरुस्त झाला. बदकांची पाटी काढली. बदकांची कुणी माफी मागितली नाही. माझ्या ताटल्यांत हळूहळू पुन्हा काळोख पसरला, या वेळी खरा, गुडघाभर पाण्यातला. मग शर्यत झाली. मासोळी शेवटून दुसरी आली. हल्ली ती तोंड घट्ट मिटून पोहते, आणि आजीच्या मते हा दुहेरी फायदा आहे.

मानपत्र आलं नाही, त्यामुळे नवी पेटीही आली नाही. मला नवं रबर मिळालं. काकाला कुणी खुर्चीत बसवलं नाही. आता पाण्यात बाई उतरते आणि काका काठावरून सूचना देतो. सूचना देता देता तो घोट्यापर्यंत पाण्यात कधी जातो, ते त्यालाही कळत नाही. बाई कधी कधी बाटली भरल्यावरही उभी राहते. मासे येतात म्हणे.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे, आणि म्हाताऱ्यांनी उपदेश करायचा असतो. तेव्हा ऐका. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते स्वच्छ आहे असं समजू नका, मला विचारा. लाल झेंडा दिसला तर हट्ट धरू नका. पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी काठावर बसा, आणि तळ्यात काय करायचं नसतं, हे मी वेगळं सांगायला नको. तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला कळलं आहे. ज्याचा गुडघा दुखतो त्याला विचारा, तो स्वतःहून सांगणार नाही. आणि कधी काळोखात एखादी निळी ठिणगी दिसली, तर क्षणभर दिवा लावू नका. बघून घ्या. एवढंसं काहीतरी, ज्याला डोळे नाहीत, नाव नाही, आईदेखील एक पत्र्याची पेटी, ते रात्रभर जगून तुम्हाला सावध करून जातं. या विश्वात यापेक्षा मोठं काही असेल, तर ते अजून माझ्या पोटात आलेलं नाही.

आणि आता एकच विनंती. हल्ली माझ्या डोक्यावर मोज्यांचे दोन जोड असतात. मानपत्रासाठी ठोकलेला तो खिळा भिंतीत अजून रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणाचा हात पोहोचत असेल, तर निदान एक जोड तिकडे टांगा.